संगीताच्या तासाला ऑडॅसिटी, सहा वर्षं वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, मी संगीत शिकवते, कम्प्युटर नाही. कुठली पिन कुठे खुपसायची हे मला अजूनही रंग बघूनच कळतं. त्यामुळे स्टुडिओवाल्यांनी हे वाचून नाक मुरडलं तरी चालेल, हे शाळेत शिकवणाऱ्यांसाठी आहे. पाचवी ते नववी, आठवड्यातून एक तास, तास म्हणजे नावाला, असतात पस्तीस मिनिटं, त्यातली पाच लॅबपर्यंत रांगेत जाण्यात आणि पाच कोण कुठल्या खुर्चीवर यात. चाळीस मुलं, चालू स्थितीतली मशीन अठरा. अशा ठिकाणी कुठलं सॉफ्टवेअर टिकतं हा खरा प्रश्न आहे, त्यात फीचर किती आहेत हा नाही.

तर ऑडॅसिटी, आवाज रेकॉर्ड करून त्याची काटछाट करायचं सॉफ्टवेअर. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेला प्रकल्प, २००० साली लोकांसाठी खुला झाला, म्हणजे माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा वयाने मोठा. आणि दिसतोही तसाच. पहिल्यांदा उघडल्यावर एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हे खराब झालंय का?" करडा पडदा, वर बटणांची गर्दी, कुठे क्लिक केलं की काय होईल काही अंदाज नाही. पण जुन्या, कण्हत चालणाऱ्या मशीनवर सुद्धा उघडतं, नेट लागत नाही, अकाउंट लागत नाही, आणि लाल बटण दाबलं की रेकॉर्ड होतं. मला पहिल्या वर्षी एवढंच पुरलं.

माझं एकूण मत आत्ताच सांगते म्हणजे घाईतल्यांनी पुढे नाही वाचलं तरी हरकत नाही: गाणं "बनवायला" हे सॉफ्टवेअर तितकंसं बरं नाही, त्यासाठी दुसरी आहेत, पण मुलांना ऐकायला शिकवायला याच्याइतकं कामाचं साधन मला तरी मिळालेलं नाही, आणि संगीताच्या तासाला आपण गायला शिकवतो, वाजवायला शिकवतो, ऐकायला शिकवायचं बहुतेकदा राहूनच जातं.

पहिला तास दरवर्षी सारखाच जातो. प्रत्येकाने दोन ओळी म्हणायच्या, रेकॉर्ड करायच्या, ऐकायच्या. आणि दरवर्षी सगळे एकच वाक्य म्हणतात, "हा माझा आवाज नाहीये." मग सांगावं लागतं की बाबा हाच तुझा आवाज, आम्ही रोज हाच ऐकतो, तुला स्वतःला तो हवेतून तर येतोच पण कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तुझा तुला जाड वाटतो. यावर पाच मिनिटं हसाहशी, मग हळूहळू शांत. आणि मग जे होतं त्यासाठी मी हे सगळं करते, एखादा आपणहून म्हणतो, "मॅडम, दुसऱ्या ओळीला मी खाली गेलोय, परत घेऊ?" हे मी दहा वेळा सांगून पटलं नसतं.

आता टाळ्यांचा किस्सा, हा जरा लांबेल.

जनरेट मेन्यूत रिदम ट्रॅक म्हणून एक गोष्ट आहे, लय सांगायची, किती मात्रा ते सांगायचं, तो टिकटिक तयार करून देतो. मी ६० ची लय ठेवते, म्हणजे बरोबर सेकंदाला एक टिक, हिशोब सोपा. मुलांनी हेडफोन लावून ती ऐकत टाळ्या वाजवायच्या आणि त्या दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायच्या. (शिफ्ट धरून आर दाबायचं, नुसतं आर दाबलं तर टाळ्या बऱ्याचदा आधीच्याच ट्रॅकच्या शेपटीला जाऊन चिकटतात, हे शिकण्यात आमचा एक अख्खा तास गेलाय.) मग झूम करत गेलं की पडद्यावर, जिथे आवाज उमटतो तिथे उभी काठी दिसते, टिकटिकीच्या काठ्या वर आणि टाळ्यांच्या काठ्या खाली, कोण आधी, कोण उशिरा, सगळं डोळ्यांसमोर. वाद घालायला जागाच नाही. सातवीला पहिल्यांदा हे केलं तेव्हा झाडून सगळे उशिरा. एकूण एक. मी चांगलं अर्धा मिनिट लेक्चर दिलं, लक्ष कुठे असतं तुमचं, टिक ऐकून मग टाळी नाही वाजवायची, टिकच्या बरोबर वाजवायची वगैरे. पुन्हा केलं, पुन्हा सगळे उशिरा. तेव्हा मागच्या बाकावरचा एक शांत मुलगा म्हणाला, "पण मॅडम, सगळे सारखेच उशिरा कसे असतील?"

खरंच की. माझी चूक होती, मुलांची नाही. आवाज कम्प्युटरमधून बाहेर पडून हेडफोनला पोचायला थोडा वेळ लागतो, माइकमधून आत यायला अजून थोडा, या सगळ्याला लेटन्सी म्हणतात, आणि ऑडॅसिटी तो उशीर भरून काढायला रेकॉर्डिंग स्वतःच मागे सरकवतं, आपणहून उणे १३० मिलिसेकंद. पण हा आकडा आहे अंदाजाचा, प्रत्येक मशीनचा उशीर वेगळा. आमच्या लॅबमधल्या मशीनना तो पुरत नव्हता, टाळ्या साधारण ९० मिलिसेकंद मागे पडत होत्या. उपाय सोपा आहे, फक्त आधी कुणीतरी सांगायला हवा होता. टिकटिक लावायची, हेडफोनचा कानाकडचा भाग माइकला टेकवायचा, रेकॉर्ड करायचं, म्हणजे माणूस मध्ये नाहीच. मग दोन काठ्यांमधलं अंतर माउसने सिलेक्ट केलं की ते किती ते खाली दिसतं, तेवढं प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशनला वाढवायचं. आमचं उणे १३० चं उणे २२० झालं आणि सातवी एका दिवसात तालात आली. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला आणूच नका, त्यांचा उशीर इतका असतो की काही खरं नाही, साधे वायरचे घ्या.

हा किस्सा एवढा सांगितला कारण कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये हे पहिल्या पानावर नसतं, आणि शिक्षक इथेच वैतागून सोडून देतात. दुसरं म्हणजे आता मी हा गोंधळ मुद्दाम करते. एका मशीनचं सेटिंग बिघडवून ठेवते आणि कोण ओळखतं ते बघते.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग अजून साधा आहे. जनरेटमध्ये टोन, एका ट्रॅकवर ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, दुसऱ्यावर ४४३. दोन्ही एकदम वाजवा. वॉव-वॉव-वॉव असा आवाज हेलकावे खातो, सेकंदाला बरोबर तीन वेळा, ४४३ वजा ४४०. मुलांना मोजायला लावा. मग ४४१ करा, सेकंदाला एकच हेलकावा. मग दोन्हीकडे ४४०, हेलकावे गायब, एकदम सपाट. गिटारच्या दोन तारा जुळत आल्या की नेमकं काय ऐकायचं असतं हे मी आधी "अगं, जुळलंय ते जाणवतं" असं हवेत हात फिरवून सांगायचे, आता सांगावं लागत नाही, मुली स्वतः म्हणतात अजून वॉव येतोय. पुढे ८८० लावा, तोच सूर वरच्या सप्तकातला. ६६० लावा, पंचम. तीनास दोन हे प्रमाण गणिताच्या वहीत कंटाळवाणं असतं, कानाला ते गोड लागतं हे कळल्यावर एकाने थेट ४४० आणि ६६६ लावून बघितलं, का तर आकडा भारी दिसतो म्हणून. फार वाईट वाजलं. शिकण्यासारखं वाईट.

एक सूचना, टोन बनवताना अॅम्प्लिट्यूड, म्हणजे आवाजाचा जोर, आपणहून ०.८ येतो, दोन ट्रॅक मिळून १ च्या वर जातं आणि आवाज फाटतो, मग मुलं फाटलेल्या आवाजालाच हेलकावे समजतात. ०.४ ठेवा. आणि शिट्टीसारखा हा सूर स्पीकरवर मोठ्याने लावू नका, शेजारच्या वर्गातून माणूस येतो. आमच्याकडे आलाय.

वेग आणि पट्टी या दोन गोष्टी वेगवेगळ्या बदलता येतात, हे रोजच्या कामाला सगळ्यात जास्त लागतं. चेंज टेम्पोने गाणं हळू करा, सूर तोच राहतो, कठीण जागा बसवायला उत्तम. फार खाली नेलं, म्हणजे निम्म्यावर वगैरे, तर आवाज भांड्यात पडल्यासारखा घुमतो, साधारण सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत ठीक. चेंज पिचने पट्टी खालीवर करा. आठवी-नववीच्या मुलांचे आवाज फुटत असतात, मागच्या महिन्यात जमत होतं ते या महिन्यात जमत नाही, बिचारे नुसते ओठ हलवत उभे राहतात, त्यांच्यासाठी साथीचा ट्रॅक दोन-तीन अर्धस्वर खाली उतरवून दिला की गायला लागतात. हे मी आधी एका ओळखीच्याला विनंती करून करून घ्यायचे. आता अर्ध्या मिनिटाचं काम.

स्पेक्ट्रोग्राम बघाच. ट्रॅकच्या मेन्यूतून लहरींऐवजी तो निवडला की आवाजाचं रंगीत चित्र दिसतं. शिट्टी मारली की जवळजवळ एकच रेघ, गायलं की एकावर एक शिडीसारख्या रेघा, "स्स्स" म्हटलं की वर नुसतं धुकं. बासरी, गिटार आणि माणूस एकच सूर लावतात तरी वेगळे का ऐकू येतात, हे मी किती वर्षं नुसतं "पोत वेगळा" म्हणून उरकत होते. खालची रेघ तीच, वरच्या रेघांचा जोर वेगळा, झालं. पाचवीचे मात्र याचा वापर चित्रं काढायला करतात, तोंडाने आवाज काढून डोंगर आणि साप. मी काही बोलत नाही. खाली-वर सरकणारा सूर लावल्याशिवाय डोंगर निघत नाही, म्हणजे आपलंच काम होतंय.

आवाज साफ करायचं नॉइज रिडक्शन पण चांगलं आहे, आधी नुसता पंख्याचा आवाज असलेला तुकडा निवडून त्याला ओळख करून द्यायची, मग सगळ्याला लावायचं. पोरं स्लायडर शेवटपर्यंत ओढतात आणि गाणारी विहिरीतून गातेय असं होतं. त्यापेक्षा पंखा बंद करा हा माझा सल्ला, पण तो कुणाला आवडत नाही.

आता रडगाणं. फाइलींचं. मी सुरू केलं तेव्हा जुनी आवृत्ती होती, प्रोजेक्टची एक छोटी फाइल आणि शेजारी डेटा नावाचं फोल्डर असायचं, मुलं फक्त फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जायची, घरी उघडली की आत काहीच नाही, तीन आठवड्यांचं काम शाळेतच. एकदा तर मीच असं केलं, स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री. २०२१ च्या मार्चमध्ये तीनवाली आवृत्ती आली आणि सगळं एका एयूपी३ फाइलमध्ये जायला लागलं, केवढा सुटकेचा निःश्वास टाकला. तरी मुलं ती एयूपी३ तशीच मला फोनवर पाठवतात, आणि ती फोनवर वाजत नाही, एक्स्पोर्ट करून एमपी३ काढावी लागते हे मी दर आठवड्याला सांगते. आणि आकार! ही पक्की फाइल नसते, कच्चा माल असतो, एक मिनिट स्टिरिओ म्हणजे जवळपास २१ एमबी, मोनो त्याच्या निम्मं. एकट्या माइकवर गाताय तर मोनोच ठेवा, दोन्ही कानांना तोच आवाज साठवून काय मिळणार. सेव्ह करताना नव्या आवृत्त्या क्लाउडवर की कम्प्युटरवर असं विचारतात, शाळेत सरळ कम्प्युटर निवडा, नाहीतर पोरं अकाउंट काढत बसतात.

ओपन सोर्सबद्दल एक, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो. इंग्रजीतल्या "फ्री" शब्दाने लोकांचा घोळ होतो, आपल्याकडे बरं आहे, फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. हे दोन्ही आहे. अठरा मशीनवर टाका, मुलांना घरी न्यायला द्या, कुणी लायसन मोजायला येत नाही, जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना ती मुभा देतोच. फुकट पण मुक्त नाही अशी अॅपही पुष्कळ आहेत आणि चांगलीही आहेत, फक्त ती उद्या काय अटी घालतील ते आपल्या हातात नसतं. आता ऑडॅसिटीचं पण अगदी सगळं सरळ गेलं असं नाही. २०२१ मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीने हा प्रकल्प ताब्यात घेतला, वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून गदारोळ झाला, जुलैमधल्या प्रायव्हसी पॉलिसीत तर तेरा वर्षांखालच्यांनी वापरू नये असं लिहिलेलं होतं. म्हणजे माझी पाचवी-सहावी पूर्ण बाहेर! लोकांनी आरडाओरडा केला, जीपीएलमध्ये असं वयाचं बंधन बसतच नाही हे दाखवून दिलं, सोर्स खुला असल्याने काहींनी टेनॅसिटीसारखी वेगळी चूल मांडली, आणि कंपनीने माफी मागून ते कलम काढलं. आमच्या संगणकाच्या सरांनी तेवढे दिवस जुनी आवृत्तीच ठेवली होती, काही अडलं नाही. मुक्त असण्याचा फायदा म्हणतात तो हा, मला तेव्हा कळला.

डाउनलोड ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग इथूनच करा. सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्याच साइटवरून एकदा घेतलं होतं, सोबत दोन टूलबार आणि एक "तुमचा पीसी स्लो आहे" म्हणून ओरडणारा पाहुणा आला, महिनाभर मुक्काम.

काय जमत नाही ते पण लिहिते. फोन-टॅबलेटवर चालत नाही, विंडोज, मॅक, लिनक्स एवढंच. मिडी कीबोर्ड, म्हणजे कम्प्युटरला कुठला सूर दाबला ते कळवणारा, जोडून त्यावर वाजवलेलं सूर म्हणून नोंदवायचं, मग एकेक सूर उचलून दुरुस्त करायचा, हे विसरा. चौकोन भरत भरत ठेका बनवायचा असेल तर एलएमएमएस घ्या, तेही मुक्त, आणि मुलांना खरं तर तेच जास्त आवडतं हे मान्य करते, एका तासात चार मात्रांचा ठेका तयार होतो आणि मग तोच ठेका पुढचे तीन तास ऐकावा लागतो. पण त्याच्या १.२ आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंगच नाही, म्हणजे गाणार कुठे? आम्ही ठेका तिथे करतो, वेव्ह फाइल काढतो, ऑडॅसिटीत आणतो, वर गातो. दोन सॉफ्टवेअर म्हणजे दुप्पट हरवलेल्या फाइली, पण चालतं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवणाऱ्यांना म्यूझस्कोर आहे, लिहिलेलं लगेच वाजवून दाखवतं, उत्तम आहे, फक्त सॉफ्टवेअर मोफत आणि त्या नावाच्या साइटवरून दुसऱ्यांच्या स्वरलिपी उतरवायला वर्गणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पालकांना आधीच सांगून ठेवा. आणि सोनिक पाय, केंब्रिज विद्यापीठात सॅम एरन यांनी शाळांसाठीच बनवलेलं, त्यात "प्ले ६०, स्लीप १" असं टाइप करायचं आणि तो मध्य सप्तकातला सूर वाजवून एक ठोका थांबतो. संगणकाचे सर यावर खूश, मी अर्धी खूश. गळा आणि हात बाजूला राहतात असं माझं मत, सरांचं मत वेगळं आहे, चहाच्या वेळी आमचं हेच चालतं.

खर्च सॉफ्टवेअरचा नाहीच, हेडफोनचा आहे. एका पिनचे दोन करणारा स्प्लिटर घ्या, दोघांत एक मशीन बसतं. माइक प्रत्येकाला लागत नाही, दोन-तीन बरे यूएसबी माइक आणि एक शांत कोपरा, आमचा कोपरा म्हणजे ग्रंथालयामागची खोली, कपाटं आणि जुन्या पुस्तकांमुळे घुमत नाही अजिबात. बाकीचे तोवर एडिटिंग करतात. करतात म्हणजे, निम्मे करतात.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो त्या बटणांच्या जंगलासाठी, नवख्या शिक्षकाला ते बघून घाम फुटतो, टूलबार लपवता येतात हे मला दुसऱ्या वर्षी समजलं.

एक राहिलंच. रिव्हर्स इफेक्ट कधीही तासाच्या सुरुवातीला दाखवू नका, शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा, नाहीतर तास गेला. आमच्या सहावीने एकदा "चिमा काय कामाची" रेकॉर्ड केलं, उलटं वाचलं तरी तेच येतं ना, मग उलटं वाजवलं तरी तेच येणार, पैज लागली. वाजवलं तर "ईचामाक्याकामिच". सगळे गप्प. मग फळ्यावर लिहून बघितलं, उलटं वाचताना आपण अक्षरं उलटी करतो, "मा" चा "मा"च राहतो, पण मशीन आवाजच उलटा करतं, आधी "आ" येतो मग "म". आता त्यांची स्पर्धा आहे, कोण "ईचामाक्याकामिच" इतकं नेमकं म्हणतं की रिव्हर्स केल्यावर स्वच्छ "चिमा काय कामाची" ऐकू येईल. व्हरांड्यातून येताजाता म्हणत असतात. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, ही कुठली भाषा शिकवताय.